मांडवाच्या तारेवर उतरलेलं वादळ

नारायणगावात वाढलेल्यांना आकाशाकडे तोंड करून बसलेल्या अँटेनांचं अप्रूप नसतं. एका बाजूला उपग्रहांशी संपर्क ठेवणारं आर्वीचं विक्रम भूकेंद्र, दुसऱ्या बाजूला खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ताटल्या. शाळेची सहल ठरलेली. पण त्या ताटल्या नेमकं काय आणि किती कष्टाने ऐकतात, ते मला आमच्या गच्चीवर स्वतः ऐकलं तेव्हाच उमगलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कॉलेज बंद होतं. नोआ-१९ हा अमेरिकी हवामान उपग्रह तेव्हा दिवसातून काही वेळा आपल्या डोक्यावरून जायचा. साधारण साडेआठशे किलोमीटर उंची, १०२ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी. खाली दिसणाऱ्या ढगांचं चित्र तो १३७.१ मेगाहर्ट्झवर उघडपणे पाठवत राहायचा. कुलूप नाही, वर्गणी नाही. ते चित्र घरी उतरवायचं मी ठरवलं.

रेडिओ म्हणून डिजिटल टीव्हीसाठी बनलेली यूएसबी कांडी घेतली. तिच्यातून कच्चे रेडिओ नमुने थेट संगणकात घेता येतात, हे हौशी मंडळींना २०१२ च्या सुमारास कळलं आणि घरबसल्या उपग्रहाचं ऐकणं स्वस्त झालं. प्रश्न होता अँटेनाचा. क्रोएशियातल्या एका हौशी रेडिओवाल्याची व्ही-डायपोलची रचना फार सोपी वाटली: ५३.४ सेंटिमीटरच्या दोन काड्या, मध्ये १२० अंशांचा कोन. या वारंवारतेची लाट सुमारे २ मीटर १८ सेंटिमीटर लांब, तिच्या पावहिश्श्याहून काडी थोडी आखूड. टाळेबंदीत पितळी सळई कुठे मिळणार? अण्णांकडे द्राक्षमांडवाच्या जीआय तारेचं, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेचं, वेटोळं पडून होतं.

"ही तार उपग्रहाचं ऐकणार?" अण्णांनी विचारलं.

ऐकणार होती. इतक्या वरच्या वारंवारतेला प्रवाह धातूच्या कातडीवरूनच वाहतो, आणि जीआय तारेची कातडी जस्ताची. दोन तुकडे कापून सरळ केले, बोर्डात वापरतात त्या कनेक्टर पट्टीत आवळले आणि जुन्या डिश टीव्हीची केबल जोडली.

पहिले चार दिवस मात्र नुसती खरखर.

पहिली चूक माझी. टीव्हीच्या अँटेनासारखी ती मी भिंतीला उभी बांधली होती. ती आडवी निजवायची असते, व्हीचा उघडा भाग उत्तर-दक्षिण रेषेत ठेवून, कारण उपग्रहही साधारण त्याच दिशेने जातो. त्यामागचं कारण मला अजूनही सुंदर वाटतं. जमिनीवरच्या वायरलेस सेटांच्या लहरी बहुतेक उभ्या कंपतात, त्यामुळे आडव्या तारेत त्या फारशा शिरत नाहीत. उपग्रहाची लहर गोल फिरत येते, म्हणून आडवी तार तिचा अर्धा वाटा तरी पकडते. म्हणजे एकही सुटा भाग न वाढवता, फक्त तार आडवी करून, बराचसा गोंगाट गाळता येतो.

उरलेला गोंगाट घरातलाच निघाला. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून मेन स्विच पाडला, तर पडद्यावरची गोंगाट दाखवणारी पिवळी पट्टी एकदम खाली बसली. मग एकेक बटण चालू करत गेले. जिन्यातली एलईडी ट्यूब लावली की पट्टी वर. इन्व्हर्टर चार्जिंगला लागला की आणखी वर. खोडदची माणसं परिसरातल्या असल्या गोंगाटाची एवढी काळजी का करतात, ते त्या संध्याकाळी जिन्यात उभी असताना कळलं. माझा उपग्रह पाच वॅटचा आणि साडेआठशे किलोमीटरवरचा. ते तर दुसऱ्या आकाशगंगांमधल्या हायड्रोजनची कुजबुज ऐकतात.

पाचव्या दिवशी टिक-टॉक, टिक-टॉक ऐकू आलं. सेकंदाला चित्राच्या दोन ओळी, तोच तो ठोका. उपग्रह जवळ येताना त्याची वारंवारता किंचित चढी, लांब जाताना उतरती. वेगामुळे होणाऱ्या या बदलाला डॉपलर परिणाम म्हणतात, त्याने ती तीनेक किलोहर्ट्झ सरकते. चित्र मात्र पांढरंफटक. संगणकातली वारंवारतेची गाळणी मी वायरलेस सेटच्या मापाची, अरुंद ठेवली होती. या संदेशाला जवळजवळ ४० किलोहर्ट्झ रुंदी लागते. ती दिली आणि ढग वेगवेगळे दिसायला लागले.

१७ मे ची संध्याकाळ. तौक्ते चक्रीवादळ मुंबईवरून सरकून गुजरातच्या उंबरठ्यावर होतं. आमच्याकडे वारा सुटलेला, गच्चीवर अँटेनावर विटा ठेवलेल्या. चित्र ओळीओळीने उमटत होतं आणि अरबी समुद्रात तो गरगरीत भोवरा हळूहळू पुरा होत गेला. अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. टीव्हीवर त्यांनी तेच वादळ दिवसभर पाहिलं होतं. तरी बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "हे आपल्या तारेवर आलंय." खरड छाटणीनंतर बागेत फूट निघालेली होती, त्यांचं अर्धं लक्ष पावसावर होतं. पण त्यांनी मला ते चित्र छापून आणायला लावलं.

स्वस्त जाळीने उपग्रहाचं ऐकण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. १९७५-७६ च्या साइट या उपग्रहावरून शिक्षण देण्याच्या प्रयोगात एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून २४०० खेड्यांत थेट टीव्ही पोचला, तो कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या दहा फुटी ताटल्यांवर. भोकं लाटेच्या लांबीपेक्षा बरीच लहान असली की लाटेला जाळी सलग पत्र्यासारखीच भासते. जीएमआरटी उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी खोडदच्या ताटल्यांसाठी दोरांच्या सांगाड्यावर बारीक तारांची जाळी ताणली, त्यामागेही हाच हिशोब. जाळी हलकी, वारा तिच्यातून निघून जातो, खर्च आवाक्यात येतो. भारतातल्या या कामाबद्दल मला सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये नोआ-१९ बंद केला, पाठोपाठ त्याचा भाऊबंद नोआ-१५ही. शेवटच्या आठवड्यात मिळेल ती प्रत्येक फेरी मी उतरवून ठेवली. तीच व्ही आता रशियाच्या मेटिऑर उपग्रहांकडे कान लावून आहे, १३७.९ मेगाहर्ट्झवर. तिथे टिक-टॉक नाही, संदेश डिजिटल आहे, पण चित्र कितीतरी स्पष्ट येतं.

पुढचं काम १.७ गिगाहर्ट्झवरचे उपग्रहांचे संदेश ऐकण्याचं. लाट तिथे साडेसतरा सेंटिमीटरची, म्हणजे ताटली लागणार आणि ती हाताने उपग्रहामागे फिरवावी लागणार. जुन्नरच्या बाजारातून अर्ध्या इंची जाळी आणून ठेवली आहे. सांगाड्याचं वेल्डिंग अण्णा करून देणार आहेत, बागेतलं काम उरकलं की.