७५ सेंटचा स्पायडर-मॅन आणि आधारवरचं नाव

"सर, पार्सलवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाहीये." हे वाक्य मी २३ दिवसांत चार वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. चौघांनाही पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि चौघांनीही "तक्रार नोंदवली आहे" म्हणून फोन ठेवला. पार्सलमधला तो कॉमिक्सचा अंक आता माझ्या कपाटात आहे, पण राग अजून पुरता उतरलेला नाही. बाहेरून व्हेरियंट, म्हणजे त्याच अंकाची थोड्या फरकाने छापलेली प्रत, मागवणाऱ्या आणखी कुणाला हा ताप होऊ नये म्हणून लिहितोय.

अंक कोणता ते आधी सांगतो. 'द अमेझिंग स्पायडर-मॅन', क्रमांक २५२, मे १९८४. काळ्या पोशाखातला स्पायडर-मॅन मुखपृष्ठावर आहे तो. माझ्याकडे त्याची एक प्रत १९९६ पासून आहे, कॉलेजात असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेली. तिच्या कोपऱ्यात अमेरिका, कॅनडा, ब्रिटन अशा तिन्ही देशांच्या किमती आहेत आणि बारकोडच्या चौकटीत बारकोडऐवजी स्पायडर-मॅनचा चेहरा. म्हणजे ती 'डायरेक्ट' प्रत, कॉमिक्सच्या खास दुकानांत गेलेली. त्या दुकानांना न खपलेला माल परत करता येत नसे. वर्तमानपत्रांच्या स्टॉलवाल्यांना येत असे, म्हणून ओळखू यावी यासाठी स्टॉलच्या प्रतीवर बारकोड. हा फरक मला वीस वर्षं ठाऊकच नव्हता.

आता तिसरा प्रकार. कॅनडाचा डॉलर घसरला म्हणून १९८२ ते १९८६ या काळात स्पायडर-मॅनचे प्रकाशक मार्व्हल तिथल्या स्टॉलसाठी वेगळी किंमत छापत होते. अमेरिकेच्या प्रतीवर ६० सेंट, कॅनडाच्या प्रतीवर ७५. छपाई तीच, कागद तोच, गोष्टही अक्षरन् अक्षर तीच. कॅनडाची लोकवस्ती अमेरिकेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी, त्यामुळे या प्रती मुळातच थोड्या. मला ती हवी होती. जी गोष्ट मी फुटपाथवर उभ्याउभ्या वाचली, ती त्याच महिन्यात दुसऱ्या देशातल्या मुलाने कोणत्या कव्हरमध्ये वाचली असेल, ते मला हातात धरून बघायचं होतं.

पैसे मोजून घेणं मला परवडणारं नव्हतं. पण बदल्यात देण्यासारखं एक होतं. २००४ साली गॉथम कॉमिक्सने भारतात 'स्पायडर-मॅन: इंडिया' काढलं होतं. चार अंक, जीवन कांग यांची चित्रं, त्यातला स्पायडर-मॅन म्हणजे मुंबईतला पवित्र प्रभाकर, धोतर नेसून उड्या मारणारा. मार्व्हलने तेच नंतर अमेरिकेत छापलं, पण पहिली छपाई आपली. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' सिनेमात पवित्र दिसला आणि बाहेरचे लोक भारतीय छपाईच्या शोधात फिरू लागले. माझ्याकडे दोन संच होते.

कॉमिक्स जमवणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर कॅनडातल्या विनिपेगचे एक निवृत्त गृहस्थ भेटले. त्यांच्याकडे ७५ सेंटच्या दोन प्रती होत्या. दोन संध्याकाळच्या गप्पांत सौदा ठरला, माझं पार्सल गेलं, पोचलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्यांचं पार्सल मुंबईत उतरलं आणि अडलं. ग्रुपवर माझं नाव 'फाउंटन' आहे, त्या फुटपाथवरून घेतलेलं. दोन वर्षं ते मला याच नावाने ओळखतात. पत्ता मी नीट दिला होता, पण खरं नाव सांगायचं राहिलं. त्यांनी प्रेमाने लिहिलं, 'मिस्टर फाउंटन, ठाणे'. आणि आतल्या मालाचं वर्णन केलं, 'कलेक्टिबल'.

कुरिअर कंपनीचं नाव लिहीत नाही. पहिला मेल आला की केवायसी करा. आधार चढवलं, दोन दिवसांनी नामंजूर. पुन्हा चढवलं, पुन्हा नामंजूर. फोन केला तर नाव बदलायचा अधिकार पाठवणाऱ्याला. विनिपेगला सांगितलं, तर तिथल्या शाखेने त्यांना सांगितलं की माल भारतात पोचलाय, आता अधिकार घेणाऱ्याला. या दोन उत्तरांमध्ये आठ दिवस गेले. रोज सकाळी ट्रॅकिंग उघडायचं, तोच लाल 'होल्ड'.

मग बिलाचा प्रश्न निघाला. किती पैसे दिले त्याचा पुरावा द्या. मी म्हटलं, पैसे दिलेच नाहीत, अदलाबदल केली. त्यांच्या फॉर्ममध्ये विक्री, भेट आणि नमुना असे तीनच पर्याय. फोनवरची मुलगी म्हणाली, "सर, गिफ्ट टाका ना, लवकर सुटेल." मी नाही टाकलं. ती भेट नव्हती. कस्टम्सला खोटं लिहून द्यायचं आणि नंतर कुणी विचारलं तर त्यावर माझी सही, हे मला पटलं नाही. ड्युटी भरायला माझी कधीच ना नव्हती. पण खरं लिहायला फॉर्ममध्ये जागाच नसावी, याची चीड अजून येते. वर अकराव्या दिवसापासून गोदामभाडं सुरू झालं. चूक सुधारायला वाट नाही, आणि उशिराचं भाडं आपण द्यायचं!

ग्रुपवर चिडून लिहिलं, तेव्हा लीड्सच्या एका बाईंनी सावरलं. ब्रिटनमध्ये पेनीत किंमत छापलेल्या प्रती त्या जमवतात, अदलाबदलीची पार्सलं नेहमीची. त्यांनी सांगितलं, बिल नसेल तर दोघांच्या सहीचं पत्र करा. तसंच केलं. एका पानावर डावीकडे त्यांनी दिलेला अंक, उजवीकडे माझे चार. प्रत्येकाचा प्रकाशक, वर्ष, छापील किंमत आणि दोघांनी मान्य केलेली आजची किंमत. खाली ओळ टाकली की 'फाउंटन' हे माझं ऑनलाइन नाव आणि आधारवरचं नाव अमुक. सोबत माझ्या पार्सलची पावती, ग्रुपवरच्या संभाषणाचे फोटो, आणि अंकाच्या पहिल्या पानाखालच्या बारीक छापील मजकुराचा फोटो. प्रकाशक, पत्ता, महिना, सगळं तिथे असतं. त्यावरून ही खेळणी नव्हेत, छापील मासिक आहे, हे कळतं.

आणि विनिपेगच्या गृहस्थांनी हे पत्र ज्या मेलवरून बुकिंग केलं होतं त्याच मेलवरून पाठवलं. हे महत्त्वाचं. तेच पत्र मी माझ्या मेलवरून आदल्या आठवड्यात पाठवलं होतं, त्याला उत्तरही आलं नव्हतं. मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहिलं, तारखांसकट. चौथ्या दिवशी पार्सल सुटलं. गोदामभाड्यातले निम्मे पैसे परत मिळाले, तेही दोनदा मागितल्यावर.

हे सगळं चालू असताना त्या गृहस्थांनी एकदाही "माझं काम झालं" म्हटलं नाही. त्यांच्या हातात माझे चारही अंक आलेले होते, गप्प बसले असते तर मी काय करणार होतो? त्यांच्या पहाटे पाच वाजता ते माझ्यासाठी फोन लावून बसायचे. ज्या आठवड्यात मी ग्रुपवर एका मुलाशी भांडलो, तेव्हाही त्यांनीच खाजगी मेसेज करून थांबवलं. तो ७५ सेंटच्या प्रतींना 'फॉरेन रीप्रिंट' म्हणाला होता. रीप्रिंट नाहीत, पहिल्याच छपाईच्या आहेत, हे खरं; पण मी चार लोकांत त्याची उतरवली. नंतर माफी मागितली. आता काही सांगायचं असेल तर आधी खाजगीत सांगतो. आणि 'मी घेतो' असं सगळ्यांसमोर लिहिलं की तो शब्द झाला, दुसरीकडे स्वस्त दिसलं तरी मागे फिरायचं नाही.

फोटो मागताना चारही कोपरे, दोन्ही स्टेपल आणि मधलं पान मागा, खिडकीच्या उजेडातले. स्टेपलभोवती गंजाचा पिवळा डाग फ्लॅशमध्ये दिसत नाही.

पॅकिंग विनिपेगच्या गृहस्थांकडून शिकलो. अंक पिशवीत, मागे पुठ्ठा, मग दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठे, पण एकाच्या रेघा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. तसं केलं की पार्सल कुठूनही वाकत नाही. टेपचं टोक त्यांनी दुमडून ठेवलं होतं, म्हणजे कात्री लागत नाही, नखाने निघतं.

पार्सल उघडलं तेव्हा कोपऱ्यात ७५ होतं, आणि मुखपृष्ठावर वरच्या बाजूला शिसपेन्सिलने कुणीतरी तारीख लिहिलेली, अंक स्टॉलवर आला तेव्हाची. दोन्ही प्रती शेजारी ठेवून फोटो पाठवला.

त्यांचा लगेच प्रश्न आला: पवित्रचं धोतर नेमकं नेसतात कसं? तिसऱ्या अंकापर्यंत बघूनही कळत नाहीये म्हणे. रविवारी बाबांचा व्हिडिओ काढून पाठवायचाय.

आणि पत्ता देताना पहिल्या ओळीत आधारवरचं नाव लिहा. मी आता ते ग्रुपवरच्या माझ्या ओळखीतच टाकलंय.