आयर्विनचे 53 फूट आणि आमचा उंबरा

या खेपेच्या नोंदीत तळमजल्याच्या भिंती, वायरिंग आणि मोरी. वरच्या खोलीचा पत्रा अजून तसाच आहे, त्याला नंतर हात घालू.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सांगलीच्या गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीत, आम्ही आमचं पहिलं घर घेतलं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे मोरी, त्यामागे वीतभर परसू, वर एक खोली. जोतं काळ्या दगडाचं, त्यावर नऊ इंची विटांच्या भिंती, चौकटी सागवानी. राहायला अजून आम्ही विश्रामबागेतच आहोत, भाड्याने. भाडं आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी चालू असल्यामुळे रोज गवंडी लावणं परवडत नाही. जिथे हात बसलेला लागतो तिथे मिस्त्री, बाकीचं आम्ही दोघं.

घर बघायला गेलो तेव्हा मालकांनी काही लपवलं नव्हतं. पुढच्या खोलीच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या दोन पुसट रेषा होत्या, दोन वेळा रंग देऊनही वर आलेल्या. वरची 2019 च्या ऑगस्टची, फरशीपासून साडेचार फुटांवर. खालची 2021 च्या जुलैची, दोन फुटांवर. मी टेप लावून मोजलं आणि मग घरी येऊन आयर्विन पुलाचे आकडे शेजारी लिहिले. कृष्णेवरच्या या पुलापाशी सांगलीत पुराची पातळी मोजतात. 2019 ला तिथली पातळी 57 फुटांच्या वर गेली होती, 2021 ला साधारण 55 पर्यंत. दोन्हींत जवळपास अडीच फुटांचा फरक, आणि आमच्या भिंतीवरही तेवढाच. म्हणजे आमची फरशी ही आयर्विनच्या हिशेबात 53 फुटांच्या आसपास बसते. शेजारच्या काकू सांगतात, 2005 ला पाणी उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं. तेही जुळतं.

सांगलीत नदीकाठच्या प्रत्येक घराने हा आपला आकडा काढून ठेवावा असं मला अगदी मनापासून वाटतं. पावसाळ्यात सगळं गाव एकमेकांना विचारत असतं, ‘आयर्विनला किती झालं?’ 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 म्हणजे धोका पातळी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण आपल्या उंबऱ्याचा आकडा माहीत असला की त्या बातमीचा आपल्यापुरता नेमका अर्थ लागतो. आमच्यासाठी 45 ला धान्य आणि कागदपत्रं वर, 48 ला गॅस सिलिंडर आणि सासूबाई विश्रामबागेत माझ्या बहिणीकडे. त्यानंतर गल्लीतून बाहेर पडता येईलच याची खात्री नाही.

एवढं कळल्यावर घर कशासाठी घेतलं, असं अनेकांनी विचारलं. आम्हाला परवडणारं, भक्कम जोत्याचं, शाळेला आणि बाजाराला पायी जाता येईल असं घर हेच होतं. आणि पुराचं पाणी दर वर्षी येत नाही, पण येणार हे धरूनच चालायचं. म्हणून दुरुस्तीचं सूत्र पहिल्या दिवशी ठरवलं: पाणी अडवायचं नाही. साडेपाच फुटांच्या खाली असं काही ठेवायचं नाही जे भिजून वाया जाईल. पाणी ओसरलं की पाइप मारून धुवायचं, वाळवायचं, पुन्हा राहायला यायचं.

अडवायचं का नाही, हे विचारणाऱ्यांसाठी हिशेब. बाहेर साडेचार फूट पाणी आणि आत कोरडं, असं समजा आपण दारं-खिडक्या बंद करून जमवलंच, तर भिंतीच्या तळाशी दर चौरस फुटाला सव्वाशे किलोच्या वर दाब येतो. विटांची भिंत वरचं ओझं पेलायला बांधलेली असते, बाजूने ढकलून घ्यायला नाही. आत-बाहेर पाणी एका पातळीत राहिलं की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि भिंत वाचते. गुडघाभर पाण्यापर्यंत फळ्या लावून अडवणं ठीक, त्यावर पाणी चढलं की आत येऊ द्यावं.

आता भिंती. यात सगळा हिवाळा गेला आणि जाणारच होता.

आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी सिमेंटचा गिलावा करून वर पुट्टी आणि चार फुटांपर्यंत ऑइल पेंट मारलेला. दिसायला तुळतुळीत. पण खालच्या दोन फुटांत रंगाला फुगे आलेले, बोटाने दाबले की आतून पांढरी भुकटी गळायची. भिंतीला लोणा लागला होता. छन्नी-हातोडी घेऊन गिलावा उतरवायला लागलो तेव्हा आतली वीट हाताला गार लागत होती. पूर येऊन गेल्याला काही वर्षं झाली होती तरी. सिमेंट आणि ऑइल पेंटचं ते जाड कवच भिंतीतली ओल बाहेर पडू देत नव्हतं, त्यात खालून दगडी जोत्यातून चढणारी ओल वेगळी. ओल जिथून हवेत उडून जाते तिथे क्षार साचतात. त्यांचे खडे फुगले की गिलावा विटेपासून सुटतो.

आमचे मिस्त्री मिरजेकडचे, सत्तरीला आलेले. त्यांनी उघड्या भिंतीवर तळहात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाले, “ताई, भिंत अजून रडतीया. हिला ऊन-वारा दावा. चुना काय पळून जात न्हाई.”

मग खिडक्या सताड उघड्या ठेवून भिंत तशीच सोडली. लोणा पाण्याने धुवायचा नाही, हे लक्षात ठेवा. धुतला तर क्षार विरघळून परत विटेत जातात. कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली कागद पसरून गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा. थोड्या दिवसांनी पुन्हा येतो, पुन्हा झाडायचा. हळूहळू कमी होत जातो.

भिंत वाळली का, हे बघायची सोपी युक्ती आहे. हातभर जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक दिवस थांबायचं. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंब धरले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या अंगाला धरले तर ती खोलीतल्या हवेतली. पुढच्या खोलीतलं प्लास्टिक संक्रांतीनंतर कोरडं निघालं. मधल्या खोलीत मात्र उत्तरेकडच्या भिंतीला अजूनही बारीक थेंब धरतात. तिच्यावर ऊन कधीच येत नाही.

पुढच्या खोलीला चुन्याचा गिलावा केला. कळीचा चुना आणून परसातल्या पिंपात भिजवला. पिंपात आधी पाणी आणि त्यात थोडा थोडा चुना, हा क्रम कधीही उलटा करू नका. चुन्यावर पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतो. पाणी खरोखर उकळायला लागतं. डोळ्यांवर चष्मा आणि हातात लांब रबरी मोजे हवेतच, आणि मुलांना त्या दिवशी तिथे फिरकू द्यायचं नाही. उकळी बसल्यावर गाळून घेतला आणि वर चार बोटं पाणी ठेवून महिनाभर झाकून ठेवला. उघडला तेव्हा लोण्यासारखा झाला होता, थापीवरून घरंगळत नव्हता.

मिश्रण मिस्त्रींनी ठरवलं: एक घमेलं चुना, एक घमेलं सुरखी, दोन घमेली चाळलेली वाळू, आणि कालवायला हिरडा व गुळाचं पाणी. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची बारीक पूड. आम्ही ती उतरवलेल्या पोटभिंतीच्या विटा कुटून केली. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश घट्ट होतो. सुरखीमुळे तो ओलीतही धरतो, आणि आमच्या घराला नेमकं तेच हवं. हात देण्याआधी भिंत शिंपडून घ्यायची, थर अर्ध्या इंचापेक्षा जाड द्यायचा नाही, आणि नंतर ओलं गोणपाट टांगून ठेवायचं. पहिला हात मिस्त्रींनी दिला. खिडकीखालचा पट्टा त्यांनी मला दिला. थापी दाबायची किती आणि ओढायची कधी, हे त्यांनी माझा हात धरूनच दाखवलं. तो पट्टा त्यांच्या पट्ट्याला जोडला गेला तिथे सांधा दिसत नाही, याचा मला फार आनंद आहे.

यावर ऑइल पेंट, प्लास्टिक पेंट काही नाही. चुन्याचीच सफेदी, हवं तर त्यात थोडी पिवळी माती. भिंतीला श्वास घेता आला पाहिजे.

हे सगळं रोजच्या रामरगाड्यात कसं बसवता, असं विचारलं जातं, म्हणून लिहिते. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टला, मी पतसंस्थेत. त्याची दुसरी शिफ्ट असलेल्या आठवड्यात सकाळचं काम त्याचं: पाणी मारणं, गोणपाट भिजवणं, सामान उतरवून घेणं. पहिली शिफ्ट असली की संध्याकाळी मी सुटल्यावर लेकीला शाळेतून घेऊन थेट गावभागात. ती ओट्यावर गृहपाठ करते, मी भिंत झाडते. तिला लेव्हल पाइप धरता येतो आता. दोन टोकांचं पाणी एका रेषेत आलं की ‘बसलं’ म्हणून ओरडते. रात्रीचं जेवण सासूबाई सांभाळतात, आणि त्यांच्यामुळेच हे घर उभं राहतंय हे मी कुठेही सांगेन. मार्चअखेर जवळ आली की माझ्याकडून जड काम होत नाही. त्या दिवसांत मिस्त्रींचा बिगारीही बेदाण्याच्या शेडवर जातो. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत भिंती वाळण्याव्यतिरिक्त काही ठेवलेलं नाही. वाळणं हेसुद्धा काम आहे, असं मी वेळापत्रकात स्वच्छ लिहून ठेवलंय. ते लिहिल्यापासून आमच्यातली चिडचिड कमी झाली.

वायरिंग परवानाधारक वायरमनकडून. झिऱ्या, म्हणजे पाइपांसाठी भिंतीत पाडायच्या खाचा, तेवढ्या आम्ही पाडल्या. मुख्य बोर्ड वरच्या खोलीत नेला. तळमजल्याचं सर्किट वेगळं, म्हणजे पाणी वाढायला लागलं की खालचं बंद करून वरचे दिवे चालू ठेवता येतील. दोन्हींना 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागताच पुरवठा तोडणारा स्विच. वायरचे पाइप छताकडून खाली उतरतात, फरशीतून एकही जात नाही, आणि खालचं शेवटचं बटण साडेपाच फुटांवर आहे. इथे घरात अडलं. सासूबाईंचा हात खांद्याच्या वर जात नाही, लेकीचा पोचत नाही. तोडगा सासूबाईंनीच काढला. त्यांच्या माहेरी पलंगाशी लोंबता बेड स्विच असायचा. तसेच दोन लावले. एरवी हाताशी लोंबतात, पावसाळ्यात गुंडाळून वर खुंटीला अडकवायचे. घरात पाणी असताना खालचं सर्किट बंद केल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही, एवढं वायरमनने बजावलंय.

स्वयंपाकघर वर न्यावं असा विचार होता. सासूबाईंचे गुडघे बघून सोडला. खालीच ठेवलं, पण प्लायवूडचा एक तुकडाही नाही. कडाप्प्याचे उभे-आडवे कप्पे आणि स्टीलच्या मांडण्या. फ्रिज पहिल्यापासून वरच्या खोलीत. जुनी शहाबादी फरशी काढली नाही, फक्त दरजा पुन्हा भरल्या.

मोरी. काकूंनी सांगितलेलं वाक्य तसंच लिहिते: “रस्त्यावरनं यायच्या आदी पाणी मोरीतनं वर आलं गं, आम्ही दाराशीच बसलेलो.” गटारं आधी तुंबतात आणि उलटं पाणी घरात फेकतात. त्यामुळे बाहेरच्या चेंबरआधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं येऊ न देणारी झडप, बसवला. त्यात केस-कचरा अडकला तर झडप मिटत नाही, म्हणून वर उघडता येणारं झाकण ठेवलंय.

मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरलेली एक भेग आहे. सांगलीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते, तिच्यावरच्या घरांना अशा भेगा पडतात. जुनी भेग आहे की अजून हलतेय, हे कळल्याशिवाय बुजवण्यात अर्थ नाही. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली, शेजारी तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकेल. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही सरेपर्यंत तिला हात लावणार नाही. तोवर जोत्याभोवती मुरूम दाबून पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार करायचा आहे, तो मेमध्ये.

त्याच सुमाराला मधल्या खोलीच्या उत्तर भिंतीवर पुन्हा प्लास्टिक लावणार. कोरडं निघालं तर पिंपातला उरलेला चुना तिच्यासाठी ठेवलाय. नाही निघालं तर हा पावसाळा तिथे वीट उघडीच राहील, आणि पलंग पुढच्या खोलीत लागेल.