तुम्ही विचारलंत म्हणून: दोर ओढल्याशिवाय आवाज का येत नाही?

माझी ध्वनिरचना अनुभवून बाहेर पडणारे बहुतेक जण एकच विचारतात: मालवणच्या मच्छीमारांवर काम केलेत, मग त्यात एखादे कोळीगीत का नाही, आणि दोर ओढल्याशिवाय काही ऐकू का येत नाही?

गाण्यांचे उत्तर सोपे आहे. लोकप्रिय कोळीगीते मुख्यतः मुंबई-रायगडकडची आहेत आणि स्नेहसंमेलनांतून ती इतकी वाजली आहेत की ऐकताच समुद्राऐवजी रंगमंचावरचा पोशाख आठवतो. मालवणात मला गाबित या मच्छीमार समाजाची रापण ऐकायची होती. रापणीत जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवून होडी जाळे सोडत समुद्रात अर्धवर्तुळ काढते आणि दुसरा दोर काही अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडचे रापणकर जाळे ओढत हळूहळू एकमेकांजवळ सरकतात आणि मिळालेल्या तारल्या-बांगड्यांचे वाटे होतात. या कामात एकट्याने करण्यासारखे जवळजवळ काहीच नसते.

म्हणून दालनात दोन दोर आहेत आणि प्रत्येकाच्या मुळाशी ताण मोजणारा लोड सेल आहे. एकाच दोरावर कितीही जोर लावला तरी फक्त हायड्रोफोनने टिपलेला पाण्याखालचा चटचटाट ऐकू येतो. उष्ण, उथळ समुद्रातली एक चिमुकली कोळंबी नांगी इतक्या झपाट्याने मिटते की पाण्यात बुडबुडा निर्माण होऊन फुटतो. तो आवाज पाण्यातून सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त वेगाने पसरतो. दोन्ही दोरांवर सारखा ताण आला की हाळ्या, वाळूत रुतणारी पावले आणि दोराची करकर उलगडू लागते. एक बाजू सैल पडताच इंजिनाची घरघर त्यावर चढते. ही घरघर मुद्दाम ठेवली आहे, कारण पर्ससीन नौका, म्हणजे माशांच्या थव्याभोवती मोठे जाळे टाकून ते तळाशी आवळणाऱ्या यांत्रिक नौका, किनाऱ्याजवळचा मासा ओढून नेतात ही रापणकरांची तक्रार जुनी आहे. २०१६ मध्ये राज्याने त्या मासेमारीवर निर्बंध आणले, तरी वाद संपलेला नाही.

लिलावाचा आवाज मात्र वगळला. दराची बोलणी हा आमचा धंदा आहे, ती प्रदर्शनात नकोत, असे मासे विकणाऱ्या बायकांनी स्पष्ट सांगितले आणि त्यावर माझ्याकडे युक्तिवाद नव्हता.

एकट्या प्रेक्षकासाठी एक बटण ठेवा, असे आयोजक सुचवतात. मी ते ठेवलेले नाही. एकटे आलात तर दाराशी बसलेल्या पहारेकऱ्यांना हाक मारा. ते दुसरा दोर धरतात, आणि किती ताण लावायचा हे आता त्यांना माझ्याहून चांगले कळते.