आमची वाटचाल: अंतरपाटापासून सूर्यकिरणपर्यंत

सोलापुरात नवी पेठेत वडिलांनी स्टुडिओ काढला तो पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या ऑर्डरींच्या भरवशावर. आज आमच्या कामाचा मोठा वाटा एअर शोमधल्या विमानांच्या फोटोंचा आहे. मोठे प्रिंट, कॅलेंडरं आणि शिकायला येणारी मुलं. लग्नाचे फोटो काढणारा माणूस विमानांकडे कसा वळला, असं गिऱ्हाईक नेहमी विचारतं. आम्हाला स्वतःला तो फार लांबचा रस्ता कधी वाटला नाही.

वडिलांच्या काळी एका रोलमध्ये ३६ फोटो असायचे. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की त्यांचा कॅमेरा डोळ्याला लागलेला असायचा, कारण अंतरपाट एकदाच दूर होतो. तो हललेला दिसल्यावर बटण दाबलं, तर वधूवरांची पहिली नजर निघून गेलेली असते. तेलुगू लग्नात एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात, तिथेही तेच. मराठी, तेलुगू, कानडी अशी तिन्ही घरची लग्नं करणाऱ्या सोलापूरच्या फोटोग्राफरला पुढचा विधी भटजींइतकाच पाठ असावा लागतो. विमानाचा फोटोही असाच, आधी ओळखून काढायचा असतो.

मोबाइल आले, पासपोर्ट फोटो आणि छोट्या समारंभांचं काम आटलं. तेव्हा आम्ही ठरवलं, की मोबाइलला जमत नाही तेच काम मनापासून शिकायचं. उद्यान एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून बेंगळुरू गाठता येतं आणि तिथे येलहंका हवाई तळावर १९९६ पासून एरो इंडिया हा एअर शो भरतो, साधारण दर दोन वर्षांनी. हवाई दलाचं विमानांच्या कसरती करणारं सूर्यकिरण पथकही १९९६ चंच. त्याचा तळ बिदरला, म्हणजे आपल्याला जवळपास शेजारचा. आधी ही मंडळी किरण विमानं उडवत, आता हॉक उडवतात. पूर्ण रचनेत ९ विमानं. सुरुवातीला मोठी लेन्स पुण्याहून भाड्याने आणत होतो. स्वतःची १५०-६०० मिलिमीटरची लेन्स घेतली तेव्हा घरात बरीच चर्चा झाली, पण हिशोब सांभाळणाऱ्या माझ्या बायकोनेच शेवटी ‘घेऊन टाका’ म्हटलं.

आता कामाचं सांगतो. ताशी ९०० किलोमीटर वेगाचं जेट एका सेकंदात २५० मीटर जातं. शटर स्पीड १/१००० ठेवला, म्हणजे शटर सेकंदाचा हजारावा भागच उघडा राहिला, तरी तेवढ्या वेळात ते २५ सेंटिमीटर सरकलेलं असतं. म्हणून नुसता वेगवान शटर पुरत नाही, कॅमेऱ्याने विमानाबरोबर वळलं पाहिजे. यालाच आम्ही पॅनिंग म्हणतो. जेटला १/१००० ते १/२००० ठेवायचा आणि वर पॅनिंगही करायचं. उभं राहायची पद्धत फार महत्त्वाची. विमान जिथे टिपायचं, त्या दिशेला पाय रोवायचे, कोपर छातीला टेकवायचे आणि विमान येतंय त्या बाजूला कमरेतून वळून थांबायचं. मग ते जवळ येईल तसं शरीर आपोआप सरळ होत जातं आणि ऐन क्षणी हात सर्वांत स्थिर असतो. बरेच जण उलटं करतात: येणाऱ्या विमानाकडे तोंड करून उभे राहतात आणि ते समोर आलं की कंबर पिळवटते. बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही.

आवाजाच्या दिशेने पाहू नका, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळपास तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात ते सातशे-साडेसातशे मीटर पुढे गेलेलं असतं.

हेलिकॉप्टर आणि पंख्याच्या विमानांचा नियम वेगळा. हवाई दलाच्या सारंग या हेलिकॉप्टर पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरं १/२००० ने काढली, तर पाती गोठतात आणि हेलिकॉप्टर हवेत टांगून ठेवल्यासारखं दिसतं. तिथे १/२५० वर यायचं, हात बसला की १/१२५. निम्मे फोटो हलतील, पण जे जमतील त्यांत पाती फिरताना दिसतील. मला स्वतःला हेच फोटो जास्त जिवंत वाटतात.

फोकस कन्टिन्युअसवर, म्हणजे विमानामागे सतत फिरणारा; फोटो बर्स्टमध्ये, म्हणजे एकामागून एक भराभर; फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न आवळलेली कच्ची. मात्र बर्स्ट सतत दाबून धरायचा नाही; बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, भरतो आणि नेमकी दोन विमानं एकमेकांना छेदतात तेव्हा कॅमेरा अडून बसतो. त्या छेदाच्या वेळी दोघांवर नजर ठेवू नये, एकच विमान पकडावं, दुसरं आपोआप चौकटीत येतं. पांढुरक्या आभाळात विमान काळं पडतं, तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण ते एक स्टॉप (उजेड मोजायचं माप) वाढवायचं. सूर्य पाठीशी असेल तर वाढवू नये, नाहीतर धुराच्या पांढऱ्या रेषांमधला तपशील जातो. पोटाखालून काढलेले फोटो सगळ्यांकडे असतात. तेजस तिरपं वळून पाठ दाखवतं, कॉकपिट उजेडात येतं, त्यासाठी थांबावं. दमट हवेत जोरदार वळण घेताना पंखांवर वाफेचा पांढरा पदर उमटतो. आपल्या कोरड्या दख्खनी हवेत तो कमी दिसतो, म्हणून सकाळची उड्डाणं सोडू नयेत. दुपारी तापलेल्या धावपट्टीवरून हवा थरथरते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी जमिनीलगतचं विमान मऊ, अस्पष्टच येतं. तेव्हा लेन्स वरच्या आभाळाकडे वळवावी.

सेन्सरवरची, म्हणजे कॅमेऱ्यात फोटो उमटतो त्या पट्टीवरची, धूळ ही आमच्या सोलापूरची खास डोकेदुखी. लग्नाच्या फोटोत ती लपते, मोकळ्या आभाळात प्रत्येक कण डाग होऊन बसतो. निघण्याआधी सेन्सर साफ करायचा आणि लेन्सचं छिद्र एफ/८ पेक्षा फार बारीक करायचं नाही, नाहीतर डाग जास्त उठून दिसतात.

सरावाला एअर शो लागत नाही. विजापूर रोडच्या कंबर तलावावर बगळे आणि घारी आहेत. नान्नजच्या माळरानावर काळविटांचा कळप उधळला, तर पॅनिंगची खरी परीक्षा होते. आमची मुलं आधी तिथे घडतात, मग येलहंक्याला जातात. विमानतळाच्या कुंपणापाशी मात्र आम्ही कुणालाच नेत नाही आणि एअर शोला ड्रोन नेण्याचा विषयच नाही. सुरक्षेचे नियम आम्ही मनापासून पाळतो.

लग्नाच्या ऑर्डरी अजून चालूच आहेत. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक आणि होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम आम्ही दरवर्षी टिपतो. पण दुकानात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर सूर्यकिरणच्या ९ विमानांचा मोठा प्रिंट लावला आहे. तो पाहून कारखानदार आपल्या ऑफिससाठी मागणी करतात, शाळा वर्गासाठी मागतात. शाळांना आम्ही तो फक्त कागद आणि शाईच्या खर्चात देतो.

शिकायचं असेल त्यांनी स्वतःचा जो कॅमेरा असेल तो घेऊन यावं. साधी ७०-३०० लेन्सही सुरुवातीला चालते. पहिला सराव कंबर तलावावर, सकाळी ऊन चढायच्या आत.