गडनोंदी : हरिहरच्या पायऱ्या अखेर सापडल्या

माझ्या गडनोंदींच्या जेसॉन (साध्या मजकुराच्या) फाइलमधील सर्व नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये हलवून झाल्याचे मागे कळविले होते. आता नकाशाचे काम हाती घ्यायचे ठरले होते, परंतु शोधाने त्याला खीळ घातली. नाशिक जिल्ह्यातील गडांच्या नोंदींत ‘पायऱ्या’ शोधले असता साल्हेर आणि धोडप यादीत येत होते, आणि कातळात कोरलेल्या खड्या पायऱ्यांसाठीच जो प्रसिद्ध आहे तो हरिहर गायब होता. नोंद उघडून पाहावी, तर तोच शब्द डोळ्यांसमोर ठसठशीत दिसत होता.

शोधासाठी वापरलेल्या एसक्यूलाइटच्या लाइक या अटीवर संशय घेण्यात अर्थ नव्हता, कारण तिची लहान-मोठ्या अक्षरांची सवलत मूलतः इंग्रजी वर्णमालेपुरती असते आणि देवनागरीशी तिचा संबंध येत नाही. म्हणून दोन्ही नोंदींतील शब्द वेगळे काढून पायथन या प्रोग्रामिंग भाषेला त्यांची लांबी विचारली, तेव्हा साल्हेरच्या शब्दाची ७ आणि हरिहरच्या शब्दाची ८ निघाली. साल्हेरची नोंद संगणकावर टंकलेली असल्यामुळे तिच्यात ‘ऱ’ हे युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतील ०९३१ क्रमांकाचे स्वतंत्र अक्षर होते. हरिहरची नोंद जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलेली होती आणि तिच्यात साधा ‘र’, हलन्त आणि २००डी क्रमांकाचा अदृश्य जोडक अशी रचना होती. युनिकोडला दोन्ही पद्धती मान्य आहेत आणि पडद्यावर दोन्हींचे रूप एकच उमटते. एसक्यूलाइट मात्र साठविलेले संकेतच पाहते. (रूपांतर करून देणाऱ्या साधनांनी आपण कोणती पद्धत वापरतो एवढे तरी सांगावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.)

पायथनच्या युनिकोडडेटा या मॉड्यूलमधील एनएफसी, म्हणजे समतुल्य रचनांना एकच रूप देणारे, रूपांतर चालविल्यावर अंकाईची एक नोंद अनपेक्षितपणे हाती लागली, कारण तिथे ‘र’ आणि खालचा नुक्ता (टिंब) सुटे होते व एनएफसी त्यांचा ‘ऱ’ करते. हरिहर तरीही जागचा हलला नाही, कारण जोडकाची रचना आणि ‘ऱ’ यांना हे रूपांतर समतुल्य मानत नाही. जोडक सरसकट काढून टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, पण मराठीत तो घातक आहे: जोडक गेला की ‘र’चा रफार होतो आणि सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होतो! शेवटी ‘र’, हलन्त आणि जोडक ही तिन्ही चिन्हे लागोपाठ आली तरच त्यांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवणारे छोटे फंक्शन लिहिले, त्यानंतर एनएफसी चालविले, आणि हरिहर यादीत अवतरला. हेच फंक्शन शोधायच्या शब्दावरही चालवावे लागते, हे वेगळे सांगायला नको.

हे फंक्शन एसक्यूलाइटमध्ये नोंदवून थेट त्यावरच इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) करण्याचा बेत होता. परंतु तीच फाइल डीबी ब्राउझर या डेटाबेस पाहण्याच्या साधनात उघडली की त्याला ते फंक्शन ठाऊक नसते आणि नोंद बदलता येत नाही. डीबी ब्राउझर सोडण्याची माझी तयारी नाही. नवशिक्याला आपली माहिती खरोखर कशी साठली आहे हे दाखविणारे त्याच्याइतके सोपे साधन मला दुसरे सापडलेले नाही. म्हणून मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून शुद्ध केलेल्या मजकुराचा स्वतंत्र स्तंभ केला आहे, जो नोंद जतन होताना पायथन भरते.

हे लिहीत असतानाच सुचले की वेगळा स्तंभ आहेच, तर त्यावर एफटीएस५ ही एसक्यूलाइटची मजकूर-शोधाची सोय का बसवू नये? लगेच करून पाहिले. तिचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) काना-मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही, त्यामुळे ‘पायऱ्या’चे तुकडे पडतात, त्याच्या कॅटेगरीजच्या पर्यायात ‘एम’ (अशा चिन्हांचा) वर्ग जोडल्यावर शब्द अखंड राहतो. त्यामुळे लाइक आता निवृत्त होईल आणि नकाशा आणखी लांबणीवर पडेल.

त्याआधी उंचीचा स्तंभ दुरुस्त करावा लागेल. साल्हेरची उंची ‘१५६७’ अशी देवनागरी अंकांत मजकूर म्हणून साठलेली आहे. मजकुराची संख्या करणारे पायथनचे इंट ती बिनतक्रार वाचते, पण तेच काम करणाऱ्या एसक्यूलाइटच्या कास्टला तिच्यात अंकच दिसत नाहीत, आणि उंचीनुसार लावलेल्या यादीत महाराष्ट्रातला सर्वांत उंच गड शून्य मीटरवर, तळाशी जाऊन बसतो.