मत पक्षाला, पण खुर्ची कोणाला? यादीतील जागा भरण्याचा हिशेब करून पाहताना

पाठ्यपुस्तकात प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची व्याख्या एका ओळीत संपते: पक्षाला जितके टक्के मते, साधारण तितके टक्के जागा. नागरिकशास्त्र शिकवताना ही ओळ मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. मात्र मतमोजणी संपल्यापासून सभागृहात प्रत्यक्ष माणूस येऊन बसेपर्यंत मध्ये काय घडते, हे विद्यार्थ्यांना सांगायचे तर तो सगळा हिशेब स्वतः मांडून पाहायला हवा असे मनाने घेतले, आणि निरनिराळ्या देशांचे नियम समोर ठेवून मी टप्प्याटप्प्याने तो करत गेले.

पहिला टप्पा भागाकाराचा असेल अशी माझी समजूत होती, पण त्याच्याही आधी येते ती किमान मतांची अट. तिच्याखाली राहिलेल्या पक्षांची मते वाटपातून वगळली जातात. 2002 साली तुर्कस्तानात ही अट 10 टक्के होती. ती केवळ दोन पक्षांना ओलांडता आली आणि सुमारे 34 टक्के मते मिळवलेल्या पक्षाला 550 पैकी 363 जागा मिळाल्या. न्यूझीलंडमध्ये 5 टक्के मते किंवा मतदारसंघातील एक विजय यांपैकी काहीही एक पुरते. त्यामुळे 2008 मध्ये 4.07 टक्के मते मिळवणाऱ्या न्यूझीलंड फर्स्ट पक्षाच्या हाती काहीच लागले नाही, तर 3.65 टक्के मतांच्या ॲक्ट पक्षाला एका मतदारसंघातील विजयामुळे एकूण पाच जागा मिळाल्या. सभागृहाची शकले होऊ नयेत म्हणून काही अट असावी हे मला पटते, पण 10 टक्क्यांची अट या पद्धतीच्या मूळ हेतूवरच घाव घालते, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर मी वाटपाचा हिशेब मांडला. उदाहरण म्हणून एक लाख मते, आठ जागा आणि चार पक्ष घेतले: ‘अ’ला 42,000, ‘ब’ला 31,000, ‘क’ला 15,000 आणि ‘ड’ला 12,000 मते. बेल्जियमच्या व्हिक्टर डी’हॉन्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक पक्षाच्या मतांना 1, 2, 3, 4 असे क्रमाने भागायचे आणि आलेल्या सर्व भागाकारांतून सर्वांत मोठे आठ निवडायचे असतात. ‘अ’चे भागाकार 42,000, 21,000, 14,000 आणि 10,500 असे येतात, तर ‘ब’चे 31,000, 15,500 आणि 10,333. उतरत्या क्रमाने लावत गेल्यावर सात जागा सहज सुटतात, पण आठव्या जागेसाठी ‘अ’चा 10,500 आणि ‘ब’चा 10,333 हे आकडे समोरासमोर येतात आणि ती जागा ‘अ’कडे जाते. अंतिम वाटप होते चार, दोन, एक, एक.

मग तीच मते घेऊन मी फ्रेंच गणितज्ञ आंद्रे सेंत-लाग्यू यांची पद्धत लावली. तीत भाजक असतात 1, 3, 5, 7 असे विषम अंक. आता आठव्या जागेच्या वेळी ‘अ’चा आकडा 6,000 वर उतरतो, ‘ब’चा 6,200 राहतो, आणि वाटप होते तीन, तीन, एक, एक. एकाही मतदाराने आपले मत बदललेले नसताना केवळ भाजक बदलल्याने सर्वांत मोठ्या पक्षाची एक जागा कमी होते. डी’हॉन्ट पद्धत मोठ्या पक्षांना झुकते माप देते हे वाक्य मी वाचलेले होते, पण ते माप नेमके कोठे झुकते हे त्या आठव्या जागेपाशी मला दिसले.

मतांना आधी एका जागेच्या कोट्याने, म्हणजे एकूण मते भागिले एकूण जागा या आकड्याने, भागून उरलेल्या जागा सर्वांत मोठ्या बाकीनुसार देण्याची तिसरी रीतही मी करून पाहिली. कोटा 12,500 मतांचा येतो आणि निकाल सेंत-लाग्यूप्रमाणेच लागतो. ही रीत समजायला सर्वांत सोपी आहे, पण तिच्यात एक विचित्र दोष आहे. 1880 च्या जनगणनेनंतर अमेरिकेत राज्यांना जागा वाटण्याचा याच रीतीने हिशेब केला तेव्हा असे आढळले की सभागृहाच्या जागा 299 वरून 300 केल्यास अलाबामाची जागा वाढण्याऐवजी आठवरून सातवर येते. भाजकांच्या पद्धतींत असे होत नाही.

येथवरचे काम अंकगणिताचे होते. खरा कस पुढे लागला, कारण ‘अ’ला चार जागा मिळाल्या म्हणजे कोणती चार माणसे निवडून आली, हे भागाकार सांगत नाही. पक्षाच्या उमेदवारांची यादी ‘बंद’ असेल तर पक्षाने निवडणुकीपूर्वी सादर केलेल्या क्रमातील पहिले चार उमेदवार निवडून येतात आणि मतदाराला त्या क्रमाला हात लावता येत नाही. दक्षिण आफ्रिका आणि इस्रायल येथे अशा याद्या आहेत. फिनलंडमध्ये याच्या अगदी उलट आहे: मतदार उमेदवाराच्या क्रमांकालाच मत देतो, त्या मतांच्या बेरजेवरून यादीच्या जागा ठरतात आणि यादीतला क्रम ज्याच्या-त्याच्या वैयक्तिक मतांवरून लागतो. नेदरलँड्सने मधला मार्ग काढला आहे. तेथे क्रम पक्षाचाच, पण एका जागेच्या कोट्याच्या 25 टक्के वैयक्तिक मते मिळवणारा उमेदवार खालच्या क्रमांकावर असला तरी, पक्षाकडे पुरेशा जागा असल्यास, वरच्यांच्या आधी निवडून येतो. मला हा मधला मार्ग सर्वांत समंजस वाटतो, कारण पक्षाला महिलांना किंवा अल्पसंख्याकांना वरचे स्थान देता येते आणि मतदाराचाही हात पूर्णपणे बांधला जात नाही. उमेदवारांचा क्रम कोण लावतो, पक्षाचे सभासद की चार नेत्यांची बैठक, हा प्रश्न बंद यादीत निवडणुकीइतकाच महत्त्वाचा ठरतो, आणि वाटपाच्या सूत्रांवर पानेच्या पाने लिहिणारे लोक त्याकडे फारच कमी लक्ष देतात.

निवडणुकीनंतरही यादीचे काम संपत नाही. यादीतून आलेल्या सदस्याने राजीनामा दिला किंवा त्याचे निधन झाले, तर सहसा पोटनिवडणूक न होता त्याच यादीतील पुढच्या उमेदवाराला बोलावले जाते. नेदरलँड्समध्ये मंत्र्याला संसद सदस्य राहता येत नाही, त्यामुळे मंत्रिमंडळ बनले की सत्ताधारी पक्षांच्या यादीतील मागची नावे एकामागून एक सभागृहात येतात. प्रसूती किंवा आजारपणाच्या रजेवर गेलेल्या सदस्याच्या जागीही तेथे 16 आठवड्यांसाठी बदली सदस्य येतो. जर्मनीत संबंधित यादीतील नावे संपली तर जागा रिकामीच राहते.

सर्वांत अवघड प्रश्न पक्ष सोडणाऱ्या सदस्याचा आहे. मत पक्षाला मिळाले होते, तर जागा पक्षाची की त्या व्यक्तीची? दक्षिण आफ्रिकेत पक्षाचे सदस्यत्व गेले की संसदेतील जागाही जाते आणि यादीतील दुसरा सदस्य येतो. नेदरलँड्समध्ये पक्ष सोडणारा सदस्य जागा स्वतःकडेच ठेवतो. बंद यादीत पहिला नियम मला सुसंगत वाटतो, पण तो लागू असेल तेथे पक्षनेतृत्वाला केवळ हकालपट्टीच्या मार्गाने निवडून आलेल्या माणसाला सभागृहाबाहेर काढता येते. म्हणून अशा हकालपट्टीविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय असली पाहिजे, असे मी आता वर्गात आठव्या जागेच्या हिशेबाबरोबरच शिकवते.