राखणदाराक चार्जिंग लागता?

शाळेच्या वाटेवरची पोरं कुठे आहेत ते कळवणाऱ्या माझ्या यंत्राचं नाव ‘राखणदार’ ठेवतेय असं घरात जाहीर केलं तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खळ्यात आमसुलं वाळत घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “राखणदाराक चार्जिंग लागता?”

लागतं, चार दिवसांतून एकदा.

“आणि पैशे?”

महिन्याला ४९ रुपये.

“आमच्याक वर्साचो एक नारळ आणि एक कोंबो पुरता.”

नंतर मी खरंच हिशेब केला. गावठी कोंबड्याचा आजचा भाव धरला तर दोघांत फार फरक नाही.

तळकोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. राखणदार म्हणजे गावाची वेस सांभाळणारा. तो देवळातल्या देवासारखा बसून राहत नाही, रात्री फिरतो. वेंगुर्ल्याकडे आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. गावाभोवती फिरून त्याच्या झिजतात, ही त्यामागची समजूत. नाव ठेवताना मला यातलं फक्त ‘राखण’ दिसलं होतं. चपलांकडे लक्ष जायला दोन पावसाळे गेले.

मी पुण्यात नऊ वर्षं विजेच्या मीटरांचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या पोटातलं सॉफ्टवेअर, लिहीत होते. २०१९ मध्ये आम्ही देवगड तालुक्यात परत आलो. नवऱ्याची हापूसची बाग, माझं घरून जमेल तेवढं काम. २०२२च्या ऑगस्टात एका संध्याकाळी मुलगा शाळेतून वेळेवर आला नाही. चौथीत होता. झालं एवढंच होतं की एसटी आली नाही, पोरं सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, चालत निघाली आणि वाटेत त्यांना खेकडे दिसले. पण आमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही, रेंजसाठी सडा चढावा लागतो, आणि त्या चढावर मला एकसारख्या चिरेखाणी दिसत होत्या.

ज्यांनी चिरेखाण पाहिली नाही त्यांनी खरवसाच्या थाळ्याची कल्पना करावी. मधल्या वड्या काढल्या की कडा जशा ताठ राहतात, तसा जांभा कापतात. चिरे भरून ट्रक निघून जातात, खड्डा तिथेच राहतो. वीस-पंचवीस फूट खोल, पाय टेकवायला कुठे जागा नाही. पावसात तो भरतो आणि दिवाळी उलटली तरी पाणी असतं, इतकं सुंदर हिरवं की मोठ्या माणसालाही उडी मारावीशी वाटेल. पोहता येत असलं तरी वर येता येत नाही. शाळेच्या वाटेवर अशा तीन आहेत. कुंपण एकीलाही नाही.

मुलगा साडेसातला आला, मार खाल्ला, जेवला, झोपला. मी त्याच रात्री पार्ट मागवले.

पहिला अवतार साबणाच्या डबीतला: जीपीएसचं मॉड्यूल, २जीचं मॉड्यूल, छोटी लिथियम बॅटरी. २जीचं मॉड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतं. छोटी बॅटरी त्या क्षणी मान टाकते आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतं. रेंज जितकी कमी तितकी ओढ जास्त, म्हणजे नेमकं अडचणीच्या जागी आचके. मग मीटरांच्या दिवसांतला लोरा आठवला, कमी ताकदीवर लांब पोहोचणारा रेडिओ. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांना परवान्याशिवाय वापरता येतो. त्यावरून डेटा मुंगीच्या पावलाने जातो, पण ‘मी इथे आहे’ एवढं सांगायला पुरतो आणि बॅटरी खात नाही. ग्रामपंचायतीने सड्यावरच्या पाण्याच्या टाकीवर अँटेना लावू दिली. शाळेची अख्खी वाट आणि दोन वाड्या तिच्या टप्प्यात आल्या. वाडीत रेंज नसली तरी निम्म्या घरांत आता तारेचं इंटरनेट आहे, त्यामुळे आयांच्या फोनवर नकाशा दिसू लागला.

मग खाऱ्या वाऱ्याने दोन महिन्यांत चार्जिंगच्या टोकांवर हिरवा थर आणला, आणि ऑक्टोबरात कडाडलेल्या विजेने टाकीवरचा पहिला गेटवे, म्हणजे यंत्रांचे सिग्नल झेलून पुढे इंटरनेटवर पाठवणारा डबा, जाळला. हे सगळं सुटतं. लेप, रबरी वायसर, नीट अर्थिंग. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. जे सुटत नव्हतं ते दुसरंच होतं.

२०२३च्या पावसाळ्यात बारा घरांना यंत्रं दिली होती, फुकट. नवरात्रात खालच्या वाडीतल्या एका आईने रात्री अकराला सहज म्हणून ॲप उघडलं. मुलीचा ठिपका खाडीत. उघड्या आकाशाखाली जीपीएस पाचेक मीटर इकडेतिकडे करतं, पण पत्र्याखाली सिग्नल आपटत-परतत येतो आणि ठिपका भटकायला लागतो. मला हे माहीत होतं. तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. ती टॉर्च घेऊन अनवाणी जेटीपर्यंत धावली. मुलगी घरात होती, तिच्याच वाकळीत, तिच्या कुशीला. “बाजूक हात लावन बघूचा सुचलाच नाय गो,” ती दुसऱ्या दिवशी मला म्हणाली. हसत म्हणाली, पण मला हसता आलं नाही.

नकाशा दाखवला की प्रत्येकाला त्यात आपापलं काहीतरी दिसायचं. महिला मंडळात पहिला प्रश्न आला, “माझो घोव खंय आसा ता दाखवतला काय?” त्यावर पाच मिनिटं हशा. तो ओसरल्यावर एक तरुण मला बाहेर गाठून हळूच विचारता झाला, बहीण सतरा वर्षांची, कॉलेजला जाते, तिला न सांगता बॅगेच्या अस्तरात शिवता येईल का. दुप्पट पैसे देतो म्हणाला. मी नाही म्हटलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले. रात्री लक्षात आलं की माझं तोंड नाही म्हणालं, पण माझ्या कोडमध्ये त्याला अडवणारी एक ओळ नव्हती. यंत्र विकत घेऊन त्याने शिवलं असतं तर ते गुपचूप चाललं असतं. त्या आठवड्यात एवढंच केलं की कोणीही ठिकाण बघितलं की यंत्र तीनदा टिकटिकेल, आवाज बंद करता येणार नाही. दोन बापांनी यंत्रं परत केली.

आणि मग पाच ठिपक्यांची दुपार. डिसेंबर होता. पाच पोरांचे पाच ठिपके सड्यावरून घराकडे निघाले, एकमेकांना चिकटून, एका वेगाने. मला आधी भरून आलं, काय शहाणी झाली पोरं. मिनिटभराने डोक्यात उजेड पडला. पाच पोरं अशी चालतच नाहीत. एक आवळ्याखाली थांबतो, एकाची चप्पल तुटते, एक मागे दगड मारत येतो. मी धावत वर गेले. वाटेत भेटला तो एकटाच, पायाला बँडेज असलेला, खांद्यावर स्वतःचं दप्तर आणि हातात चार यंत्रं, आंब्याच्या पेटीच्या सुतळीत ओवलेली. बाकीचे चौघे मधल्या खाणीच्या काठावर बसले होते. केस ओले.

खाणीच्या एका कोपऱ्यात जुनी शिडी बांधून ठेवली होती, पोरांनीच. हे मला कोणत्याही नकाशाने सांगितलं नसतं.

घरी आल्यावर मुलाला विचारलं, मला सांगायचं नाही का? “सांगितलं असतं तर सोडलं असतंस?”

नसतं सोडलं.

इतकं कळूनही २०२४च्या फेब्रुवारीत मी तोच नकाशा घेऊन पुण्याला पिच करायला, म्हणजे धंदा मांडून पैसे मागायला, गेले. सात मिनिटं, तीन परीक्षक, मागे लाल आकड्यांचं घड्याळ. तयारी करून घेणाऱ्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं, भीतीने सुरुवात करा, पालक भीतीला पैसे देतात. म्हणून माझी पहिली स्लाइड होती सड्यावर पडलेलं रिकामं दप्तर. माझ्याच मुलाचं, फोटोसाठी ठेवलेलं. सभागृह गप्प झालं आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. लाज बसमध्ये वाटली, कराडच्या पुढे.

पहिल्या परीक्षकाने विचारलं, पालक दिवसातून किती वेळा ॲप उघडतात? सरासरी बावीस वेळा, मी म्हटलं. त्यांचा चेहरा उजळला. जेटीवर अनवाणी धावलेली आईसुद्धा त्या बावीसमध्ये होती. त्यांच्या लेखी ती माझी उत्तम ग्राहक.

दुसऱ्यांनी कायदा काढला. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचलाय का? अर्धवट वाचला होता. परत येऊन नीट वाचला. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येकजण मूल आहे. त्याचा डेटा हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांचा माग काढायला, वागण्यावर पाळत ठेवायला मुळात मनाई आहे. सरकार ठरावीक कामांना सूट देऊ शकतं. चुकलात तर दंड २०० कोटींपर्यंत. माझ्या खात्यात तेव्हा ४२ हजार होते. २०० कोटींची भीती वाटायलासुद्धा माणसाकडे आधी निदान दोन कोटी हवेत.

तिसऱ्या बाई आतापर्यंत बोलल्या नव्हत्या. यंत्रावर संकटाचं लाल बटण आहे ना, ते दाबल्यावर काय होतं? आईच्या फोनवर मेसेज जातो. आई तेव्हा कुठे असते? फेब्रुवारी म्हणजे बागेत, मार्चपासून पेट्या भरायला, काहींच्या आया मुंबईला, पोरं आजीपाशी. “मग पोरापाशी जातं कोण?”

घड्याळ वाजलं. पैसे मिळाले नाहीत. त्या प्रश्नाचे मात्र मी त्यांना देणं लागते.

नंतरचं वर्ष नकाशा काढून टाकण्यात गेलं. आता यंत्रावर एक बटण आहे, बाकी काही नाही. ते दाबलं की त्या क्षणापुरतं ठिकाण जातं, एरवी यंत्र मुकं. आणि मेसेज फक्त फोनवर जात नाही. वाटेवर सहा ठिकाणी घंटीचे डबे लावलेत, ते रेडिओवरून थेट वाजतात, इंटरनेट असो नसो. एक किराणा दुकानात, एक रिक्षावाल्याच्या पडवीत, एक अंगणवाडीत, तीन बागांत. निवृत्त मास्तर हट्टाने यादीत यायला निघाले होते. त्यांच्या गुडघ्यांकडे बघून त्यांना यंत्रं चार्ज करायचं काम दिलं.

बागांतल्या तीन डब्यांवरून गावात रणकंदन झालं. देवगडच्या बागांत राखणीला नेपाळी कामगार असतात, खोपटीत राहतात, दिवसा माकडं नि रात्री चोर हाकतात. सड्याच्या सगळ्यांत जवळ तेच. “त्येंका कशाक?” असं सभेत तिघांनी विचारलं. वर्षाचा सगळा आंबा ज्याच्या भरवशावर टाकून आपण रात्री झोपतो, तो माणूस पोराच्या हाकेला मात्र नको. पण त्या विरोधात एक खरी गोष्टही होती, ती मला एका आजीने सांगितली. एकट्या पोरापाशी एकटा बाप्या पाठवू नको, नेपाळी असो नाहीतर आपलोच. बरोबर होतं. म्हणून घंटी नेहमी दोन ठिकाणी एकदम वाजते, आणि कोण पोहोचलं ते दोघांनाही घरी कळवावं लागतं. पोरांना मुलांच्या मदतीचा १०९८ आणि आणीबाणीचा ११२ हे नंबर पाठ करून घेतलेत, ते वेगळं.

प्रत्येक वाडीत ही यादी जुळवायला चार दुपारी बसावं लागतं. कोणाचं कोणाशी पटत नाही, कोण संध्याकाळी पिऊन असतो, कोणाच्या कुत्र्याला पोरं घाबरतात. हे फर्मवेअरमध्ये बसत नाही.

यंदा जून-जुलैत बटण एकतीस वेळा दाबलं गेलं. छत्री उलटी झाली, एसटी आली नाही, व्हाळाला पाणी चढलं आणि साकवाअलीकडे चौघे अडकली, बैल वाटेत उभा. एकदा माझ्याच सुपुत्राने, “कोण येता बघूया” म्हणून. धो धो पावसात एका बाजूने रिक्षावाला आला, दुसऱ्या बाजूने मधल्या बागेतला राखणदार, कोयता घेऊन, एका पायात चप्पल. दुसरी चिखलात राहिली होती. चार मिनिटांत. तो चिडला नाही. पोराला शाळेपर्यंत सोडून चप्पल शोधायला परत गेला, मिळाली तेव्हा पट्टा तुटलेला.

सप्टेंबरात मुंबईला पुन्हा पिच आहे. रिकाम्या दप्तराची स्लाइड काढलीय. फॉर्ममध्ये ‘रोजचे सक्रिय वापरकर्ते’ असा रकाना आहे, तिथे काय लिहावं कळत नाहीये, कारण चांगल्या दिवशी तो आकडा शून्य असतो. ‘प्रति वाडी खर्च’ मात्र खरा लिहिलाय. गेटवे, सहा घंट्या, चार दुपारच्या चहा-पोह्यांचे पैसे. चपला, एक जोड, २२० रुपये.

तो जोड देवगडच्या बाजारातून आणून मी ओट्यावर ठेवला होता. आईंनी उचलून तळवा दाबून बघितला, परत ठेवला.

“चामड्याची घेवची होती,” म्हणाल्या.